दोन इंचांची भूक

"ताई, हालू नका. ते तुम्हाला पाहून राहिले."

मी श्वास रोखून धरला. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घराचा वरचा मजला, सकाळचे आठ, खिडकीतून येणारं मार्चचं ऊन आणि समोर तीन फुटांची काचेची टाकी. टाकीत सहा पिल्लं होती, एकेक माझ्या करंगळीएवढं. हिरवट सोनेरी अंग, कुशीवर काळे डाग आणि शेपटीच्या मुळाशी आणखी एक ठसठशीत काळा ठिपका. सगळी एका ओळीत, तोंडं माझ्याकडे करून थांबलेली. मी मान जराशी कलती केली, तर त्यांचे डोळे माझ्याबरोबर फिरले. लहानपणापासून घरोघरचे गोल्डफिश पाहत आले आहे, पण त्यांना आपण दिसतो की नाही हे कधी कळलं नाही. या पिल्लांना मी दिसत होते.

मुलानं बशीतून झिंग्याचा एक तुकडा चिमट्यानं उचलला. तांदळाच्या दोन दाण्यांएवढा असेल. फिल्टरची धार पडते तिथं त्यानं तो सोडला. धारेत गिरक्या घेत तुकडा खाली निघाला. पुढचं पिल्लू क्षणभर थिजलं, मग त्याचं तोंड नळीसारखं पुढे आलं आणि तुकडा दिसेनासा झाला. दोन सेकंदांनी पिल्लानं तो बाहेर थुंकला. मागून आलेल्या दुसऱ्यानं लगेच गिळला.

"हे थुंकणारं आहे ना, याचीच काळजी आहे," तो म्हणाला. "बाकीचे शिकून राहिले. हे ऐकतच नाही."

होळीच्या आसपास संपादकांचा फोन आला होता. यंदाच्या अंकाचा विषय 'घरातलं रान'. कुंड्या आणि गच्चीवरचे पक्षी बरेच जण लिहितील, तुम्ही आणखी काही बघा, असं ते म्हणाले. नात्यातल्या एका मुलाकडून कळलं की त्याचा मित्र अॅमेझॉनमधला शिकारी मासा, पिकॉक बास, पाळतो. दिवसा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करणारा, संध्याकाळी टाकीसमोर बसणारा हा तेवीस वर्षांचा मुलगा मला असा भेटला. एक सकाळ घालवून परत यायचं म्हणून गेले आणि पुढचे सहा महिने जात राहिले.

नाव एक, जाती पंधरा

पिकॉक बास या नावातला 'बास' दिशाभूल करणारा आहे. अमेरिकेतल्या बास माशांशी याचं नातं नाही. हा सिक्लिड, म्हणजे आपल्याकडे तळ्यातळ्यांत माजलेल्या चिलापीचा आणि टाकीतल्या ऑस्करचा भाऊबंद. अॅमेझॉन आणि ओरिनोको नद्यांच्या खोऱ्यांत आणि गयानांच्या नद्यांत त्याचं घर. ब्राझीलमध्ये त्याला तुकुनारे म्हणतात आणि आपल्याकडे मरळ खावा तसा आवडीनं खातात. मोर आठवतो तो शेपटीवरच्या डोळ्यामुळे. पिल्लाच्या शेपटीवर असतो तो काळा ठिपका, आणि मासा वाढेल तसं त्या ठिपक्याभोवती पिवळसर कडं उमटतं.

स्वेन कुलँडर आणि एफ्रेम फेरेरा या दोन अभ्यासकांनी २००६ मध्ये या माशांची नीट वर्गवारी केली, तेव्हा पंधरा जाती मोजल्या. टाकीत पाळणाऱ्याला या वर्गवारीशी थेट कर्तव्य आहे. केल्बेरी किंवा मोनोक्युलस साधारण दीड फुटाच्या आसपास थांबतात. टेमेन्सिस तीन फुटांपर्यंत जातो. ब्राझीलमध्ये २०१० साली गळाला लागलेला एक टेमेन्सिस तेरा किलोंच्या वर भरला होता. अडीच इंचांचं पिल्लू प्लॅस्टिकच्या पिशवीत, ऑक्सिजन भरून, रबर बांधून हातात येतं तेव्हा या दोघांतला फरक नवख्याला ओळखू येत नाही.

"दुकानदार काय म्हणाला?"

"पिकॉक बास म्हणाला. मी विचारलं कोणता, तर म्हणाला, पिकॉक बासच."

किती वाढेल तेही विचारलं होतं. टाकीच्या मापानं वाढेल, असं उत्तर मिळालं. हे वाक्य मी नंतर शहरात बर्डीवर आणि सदरमध्ये आणखी दोन दुकानांत ऐकलं, आणि ते धडधडीत खोटं आहे. लहान टाकीत मासा खुंटतो, त्याचा कणा वाकडा होतो, घाण पाण्यानं तो आजारी पडतो आणि मरतो. याला टाकीच्या मापानं वाढणं म्हणत नाहीत. मुलानं घरी येऊन रोज डागांची छायाचित्रं काढली, ताडून पाहिली आणि महिन्याभरानं ही केल्बेरी असावीत या निष्कर्षावर आला. त्याच्या वहीत पहिल्या पानावर तारीख, लांबी आणि पुढे कंसात 'केल्बेरी?' असं लिहिलेलं मी पाहिलं.

ती वही शाळेची, दोनशे पानी. रोज किती वाजता काय दिलं, कोणी खाल्लं, कोणी थुंकलं, पाणी किती बदललं, सगळं त्यात. पोरानं अभ्यास असा केला असता तर, असं त्याची आई म्हणते खरी, पण बाहेरचं कोणी आलं की वही तीच काढून दाखवते.

हलतं ते अन्न

पिकॉक बास डोळ्यानं शिकार करतो. उजेड असेपर्यंतच खातो, रात्री तळाशी निपचित पडून राहतो. पिल्लं थव्यानं फिरतात आणि समोर जे हलेल ते खायचं, एवढं एकच गणित त्यांना जन्मापासून येतं. न हलणारी वस्तू त्यांच्या लेखी अन्न नसते. त्यामुळे हे पिल्लू घरी आणणाऱ्याचा पहिला महिना एकाच कामात जातो: मेलेलं, थिजलेलं, शेवटी कोरडं खाद्य हेही अन्नच आहे हे त्याला पटवून देणं.

जिवंत मासे देत राहणं सोपं आहे. दुकानात 'फीडर' म्हणून स्वस्तातले गोल्डफिश मिळतात, पिशवीभर आणायचे आणि ओतायचे. बघायला जमलेल्यांना मजाही येते, मोबाइल निघतात. मुलानं पहिल्या आठवड्यातच ते बंद केलं आणि त्याची कारणं मला वहीतून वाचून दाखवली. फीडर मासे दाटीवाटीच्या टाक्यांत ठेवलेले असतात, त्यांच्या अंगावर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आणि पोटात जंत असतात, ते सरळ आपल्या माशाच्या पोटात जातात. दुसरं कारण मला नवीन होतं. गोल्डफिश आणि त्याच्या कुळातल्या कार्प माशांच्या अंगात थायमिनेज नावाचं एक विकर असतं, ते बी-१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. महिनोन्‌महिने तेच खाल्लेला मासा पोट भरलेलं असूनही कुपोषित राहतो, तोल जाऊन तिरपा पोहू लागतो. नाल्यातून काढलेले ट्युबिफेक्स कृमीही त्यानं घरात येऊ दिले नाहीत.

मग पहिले दिवस काढले ते गच्चीवरच्या जुन्या सिमेंटच्या नांदीतल्या गप्पींवर. डासांच्या अळ्या खातात म्हणून हिवताप विभागाची माणसं ठिकठिकाणी सोडतात तेच गप्पी, तेही मूळचे दक्षिण अमेरिकेचेच. नांदीत त्यानं स्वतः वाढवले, म्हणजे रोगाची भीती कमी. चौथ्या दिवसापासून जिवंत गप्पीबरोबर एखादा मेलेला गप्पी धारेत सोडायचा. घाईत असलेली पिल्लं तोही ओढून न्यायची. दहाव्या दिवशी झिंगे आले.

झिंग्यांचं काम मी स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभं राहून पाहिलं. मच्छीबाजारातून ताजे आणलेले, डोकं आणि साल काढलेले, पाठीतला काळा धागा ओढून काढलेला. मग धारदार ब्लेडनं उभे पातळ काप. "गोल तुकडा नाही घेत ते," तो म्हणाला, "लांब पाहिजे. लांबट काप पाण्यात वळवळते." काप तोंडात सहज मावेल एवढाच, कारण मोठा काप पिल्लू अर्धवट गिळतं आणि घशात अडकवून घेतं. उरलेले काप तो स्टीलच्या डब्यात, एका वेळेच्या पुडीचे वेगवेगळे, बर्फाच्या कप्प्यात ठेवत होता. आईनं त्या कप्प्यावर खडूनं फुली मारली होती, म्हणजे कोणी चुकून कालवणात टाकायला नको.

तिसरी पायरी गोळीखाद्याची. झिंगे धुतलेल्या पाण्यात गोळी पाच मिनिटं भिजवायची आणि झिंग्याच्या दोन कापांमागून तिसरी गोळी टाकायची. दोन कापांना दोन तोंडं धावली की तिसरं तोंड चुकून गोळीवर पडतं. सहा पिल्लं एकत्र ठेवण्याचं कारणच हे. एकट्या पिकॉक बासला शिकवणं फार अवघड, थव्यात मात्र एकानं खाल्लं की दुसऱ्याला आपल्या वाट्याचं गेलं असं वाटतं. मात्र थव्यातली पिल्लं एकाच मापाची लागतात. अर्ध्या इंचानं मोठं असलेलं पिल्लू पुढच्या महिन्यात धाकट्याकडे भावंड म्हणून पाहत नाही.

दिवसातून तीनदा, दर वेळी थोडं. पोट किंचित गोलसर दिसलं की हात आखडता. पिल्लाचं पोट आत गेलेलं आणि डोकं अंगापेक्षा मोठं दिसू लागलं की ते उपाशी आहे. हट्ट मोडायचा म्हणून मोठ्या माशाला चार दिवस उपास घडवता येतो, अडीच इंचाच्या पिल्लाला तो झेपत नाही.

थुंकणाऱ्या पिल्लाला त्यानं वेगळ्या टाकीत काढून पुन्हा जिवंत गप्पी दिले. ते खायचं, पण झिंगा आला की तोंड फिरवायचं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ते मेलं. वहीत त्या दिवशी फक्त वेळ लिहिली आहे, सहा चाळीस. मी विचारल्यावर म्हणाला, "मी त्याला उशिरा वेगळं काढलं. आठ दिवस आधी काढायला पाहिजे होतं." उरलेली पाच तोवर पाण्याच्या वर धरलेल्या बोटांकडे झेपावायला लागली होती, बोटांत गोळी असो नसो.

मे महिन्याचं पाणी

नागपुरात माणूस उन्हाळा कूलरच्या भरवशावर काढतो. २३ मे २०१३ रोजी इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता; ४५ अंश म्हणजे इथे बातमी होत नाही. पिकॉक बासला २६ ते ३० अंशांचं पाणी मानवतं. उष्ण कटिबंधातला मासा आहे, त्याला ऊन काय करणार, असं वाटतं. पण त्याच्या नदीवर जंगलाची सावली असते आणि पाणी वाहतं. वरच्या मजल्यावरच्या खोलीतली दोनशे लिटरची टाकी दुपारी चारला चौतीस अंश दाखवत होती, मी स्वतः पाहिलं.

पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांना लिटरमागे आठ मिलिग्रॅमच्या वर, ३५ अंशांना सात. आणि नेमकं त्याच वेळी माशाचं शरीर जास्त वेगानं चालत असतं, त्याला प्राणवायू जास्त लागतो. त्यात हा नुसतं मांस खाणारा. खाल्लेल्या प्रथिनांतून निघणारा अमोनिया माशाच्या कल्ल्यांवाटे पाण्यात येतो. फिल्टरच्या स्पंजात वस्ती केलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करतात. या जिवाणूंची वस्ती जमायला महिना-दीड महिना लागतो, म्हणून टाकी आणली त्याच दिवशी मासे आणणारे हमखास रडतात. त्यावर उन्हाळ्याची आणखी एक मेख आहे: पाण्याचा सामू तोच राहिला तरी २५ वरून ३५ अंशांवर गेलेल्या पाण्यात अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दुप्पट होतो. म्हणजे मार्चमध्ये जेवढं खाद्य पचत होतं तेवढंच मे महिन्यात टाकीला झेपत नाही.

त्यानं केलेला उपाय अगदी नागपुरी होता. टाकीचं झाकण काढून जाळी लावली आणि वर दोन छोटे पंखे पाण्यावर तिरपे रोखले. वाळ्याच्या ताट्यांतून येणारा वारा गार का लागतो, तेच तत्त्व. इथली मेची हवा इतकी कोरडी असते की पाणी झपाट्यानं उडतं आणि उडता उडता टाकी तीन-साडेतीन अंशांनी उतरते. जूनअखेर पाऊस लागला की हवा दमट होते आणि हाच उपाय कूलरसारखाच निकामी होतो, पण तोवर पाराही उतरलेला असतो. उडालेलं पाणी भरून काढायचं तर त्यात क्षार साचत जातात, म्हणून तेवढी भर तो शुद्धीकरण यंत्रातल्या पाण्याची घालत होता.

पाणी बदलण्याचा प्रश्न आणखी बिकट. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी मे महिन्यात दुपारी हाताला चटका देतं. ते थेट ओतलं तर मासे उकडतील. म्हणून पहाटे नळ आला की खालच्या खोलीतलं पिंप भरायचं, त्यात हवेचा दगड सोडून एक दिवस बुडबुडे द्यायचे, म्हणजे क्लोरीन उडतं आणि पाणी खोलीच्या तापमानाला येतं. आठवड्यातून दोनदा टाकीचं चाळीस टक्के पाणी असं बदलायचं. पिंपातून वर बादल्या वाहून नेताना मी एकदा मोजलं, एका वेळी सात खेपा. एका दुपारी वीज गेली तेव्हा तो दुकानातून धावत घरी आला होता. बॅटरीवरचा हवापंप आईनं आधीच लावला होता. "मले शिकवून ठेवलं ना यानं," त्या म्हणाल्या.

थंडीचंही गणित वेगळं आहे. २९ डिसेंबर २०१८ ला याच शहरात ३.५ अंश नोंदले गेले. पाणी १५-१६ अंशांखाली राहिलं तर पिकॉक बास तगत नाही, म्हणून हीटर आधीच घेऊन ठेवलेला. थंडीनं मरणारा मासा आपल्या नद्यांत कसा टिकेल, असं मला तेव्हा वाटलं होतं. पण हवा आणि पाणी यांची थंडी एक नसते. खोल जलाशयाचं पाणी एका रात्रीच्या गारठ्यानं तेवढं उतरत नाही.

अंभोऱ्याच्या काठी

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी वस्त्यांत शिरली, बर्डीवरचं मोरभवन बसस्थानक पाण्यात गेलं. त्या रात्री मुलाच्या, तळमजल्यावर राहणाऱ्या एका मित्राच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. सकाळी गाळ उपसताना टाकी जागेवर सापडली, तिच्यातले दोन हातभर ऑस्कर नव्हते. हे त्यानं मला सहज सांगितलं, पुराच्या आठवणींतली एक म्हणून. मला मात्र त्या दोन माशांचा पुढचा रस्ता दिसू लागला.

नाग नदी शहराचं सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते. कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेला मिळते. नागपूरहून सत्तरेक किलोमीटरवर, कुही तालुक्यात, टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ आणि खाली पाच नद्यांचा संगम. पुढे गोसीखुर्दचं धरण, त्याचा फुगवटा मागे थेट इथवर आलेला. जुलैत मी तिथं गेले तेव्हा पाणी गढूळ होतं आणि काठावर तीन नावा उलट्या घातलेल्या होत्या. एका ढिवर काकांना मी मोबाइलवर पिकॉक बासचा फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ हातात धरला.

"थोबाड मरळाचं हाय याचं," ते म्हणाले. "पिल्लं सांभाळते का?"

सांभाळतो. नर-मादी दोघं मिळून अंडी राखतात, पिल्लांचा थवा बाहेर पडला की आठवडेच्या आठवडे त्याच्या मागेपुढे राहतात. मी ते सांगितल्यावर काकांनी मान डोलावली. मरळाची लाल लाल पिल्लं पुंजक्यानं पाण्यावर फिरतात आणि खाली मायबाप असते, पिल्लांवर बगळा आला तर मरळ पाण्याबाहेर उडी घेतो, असं त्यांनी हातानं करून दाखवलं. त्यांचे म्हातारे पिल्लं घेतलेल्या मरळावर जाळं टाकत नसत.

"मंग हा इथं आला तर मरणार नाही," ते म्हणाले. "जो आपली पोरं सांभाळते तो मरत नाही."

पूर्व विदर्भातल्या मासेमारीला बोटुकलीचा आधार आहे. कोहळी समाजानं बांधलेले हजारो माजी मालगुजारी तलाव भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत आहेत, लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. ढिवरांच्या सहकारी संस्था ते तलाव घेतात, रोहू, कतला, मृगळ यांची बोटभर पिल्लं विकत आणून सोडतात आणि वर्षभर वाट पाहतात. मरळ त्यातली काही खातो, पण मरळ इथला आहे, इथल्या माशांना त्याची सवय आहे, आणि बाजारात तो रोहूपेक्षा महाग जातो. दिवसभर डोळे उघडे ठेवून बोटाएवढ्या माशांमागे धावणारा, पिल्लं जगवणारा परका शिकारी या तलावांत आला तर पहिला घास बोटुकलीचाच असेल.

घरच्या माशाला कोणी नदीत का सोडेल? मी विचारत गेले तशी उत्तरं मिळाली. बदली झाली म्हणून. मासा मोठा झाला, बरोबरचे सगळे खाल्ले म्हणून. आजी वारली, टाकी कोण सांभाळणार म्हणून. मारण्यापेक्षा सोडलेलं बरं, पुण्य लागतं म्हणून. फुटाळ्याच्या काठी संध्याकाळी फिरायला येणाऱ्या एका बाईंनी मला सांगितलं की त्यांनी आपला 'काचा साफ करणारा' मासा तिथंच सोडला, मुलं रडली, पण मोकळ्या पाण्यात गेला याचं समाधान वाटलं. त्यांचा हेतू अत्यंत निर्मळ होता. त्या सकर माशाच्या भाऊबंदांनी उजनी धरणाच्या पाण्यात काय मांडलं आहे हे तिथल्या मच्छीमारांना विचारावं. काट्यांच्या चिलखतानं जाळी फाटतात आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. केरळात २०१८ च्या महापुरानंतर नद्यांत अरापैमा आणि अॅलिगेटर गार सापडले, तेही कुणाच्या तरी तळ्यातून, टाकीतून निघालेले.

गातूनचं तळं

पिकॉक बासच्या बाबतीत तर पुरावा पन्नास वर्षं जुना आहे. पनामात १९६० च्या दशकाच्या अखेरीस खासगी तळ्यातले काही मासे पावसात निसटून चाग्रेस नदीत गेले आणि तिथून कालव्यासाठी बांधलेल्या गातून तलावात पोहोचले. थॉमस झारेट आणि रॉबर्ट पेन यांनी १९७३ मध्ये 'सायन्स'मध्ये लिहिलेला लेख आजही या विषयात पायाचा मानला जातो. तलावात नेहमी दिसणाऱ्या आठ माशांपैकी सहा जाती नाहीशा झाल्या होत्या. माशांवर जगणारे पक्षी घटले. डासांच्या अळ्या खाणारे छोटे मासे गेल्यामुळे हिवतापाचं काय होईल, हा प्रश्नही त्यांनी तेव्हाच मांडला. २०१७ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी ४५ वर्षांनंतरची पाहणी प्रसिद्ध केली. तलाव पूर्वपदावर आलेला नव्हता.

फ्लोरिडात हाच मासा १९८४ मध्ये सरकारनंच कालव्यांत सोडला, आधीच माजलेल्या चिलापीला खायला. यशाचं उदाहरण म्हणून ते पुढे केलं जातं, पण तिथं थंडीची रेषा उत्तरेला त्याला अडवते. वैनगंगेला तशी रेषा नाही.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनं परकीय आक्रमक प्रजातींची आयात, विक्री, बाळगणं यांवर बंधन घालण्याचा अधिकार केंद्राला दिला आहे. अधिकार वापरला जाईल तेव्हा जाईल. बर्डीवरच्या दुकानात पिशवीला रबर बांधणाऱ्या हाताला आज ते बंधन जाणवत नाही, आणि 'हा दीड फूट होईल, तुमच्याकडे आठ फुटांची जागा आहे का' एवढं एक वाक्य बोलायला कायदा लागतही नाही. ते वाक्य तिथं रोज बोललं गेलं पाहिजे, असं मला ठाम वाटतं.

खडूची रेघ

नवरात्राच्या आधीच्या रविवारी मी पुन्हा महालात गेले. पाच मासे आता नऊ-नऊ इंचांचे झाले होते, शेपटीवरच्या ठिपक्याला कडं आलं होतं, डोळे लालसर झाले होते. खाणं दिवसातून एकदाच, गोळ्या आणि आठवड्यातून दोनदा झिंगे, एक दिवस काहीच नाही. तीन फुटांच्या टाकीत ते वळताना एकमेकांना घासत होते.

पाचांपैकी दोन मासे दुसऱ्याच दिवशी शहरातल्या एका जुन्या मत्स्यपालकाकडे जाणार होते, त्याच्याकडे आठ फुटी टाकी आहे. तीन इथंच राहणार. दुकानदारानं परत घ्यायला नकार दिला होता. एका मित्रानं हिंगण्याकडच्या आपल्या शेततळ्यात सोडायला सांगितलं. मुलाला ते पटलंही होतं. मग मी त्याला मत्स्यशास्त्राच्या एका निवृत्त शिक्षकांकडे नेलं. ते म्हणाले, "शेततळं भरून वाहतं की नाही?" वाहतं, म्हणाला. "मग ते नदीच आहे." कुठेच जागा नसेल तर लवंगेच्या तेलानं गुंगी आणून माशाला शांतपणे मरण देता येतं, हेही सरांनी तितक्याच सौम्यपणे सांगितलं होतं. परतताना गाडीवर मुलगा काहीच बोलला नाही. गांधीसागराजवळ सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाला, "तेल आणून ठेवीन. पण लागू नाही देणार."

आठ फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट उंच. पाणी जवळजवळ साडेतेराशे लिटर, म्हणजे सव्वा टनाच्या वर वजन, त्यावर काच आणि लोखंडी घोडा. वरचा मजला ते पेलणार नाही. तळमजल्यावर वडिलांची स्कूटर उभी राहायची ती खोली रिकामी केलेली होती, स्कूटर अंगणात पत्र्याखाली गेली होती. फरशीवर खडूनं आठ बाय तीनचा चौकोन आखलेला होता. जोतं दोन फुटांनी उंच करायचं ठरलं होतं. २०२३ ला गल्लीत पाणी कुठवर आलं होतं ती खूण भिंतीवर वडिलांना पाठ होती. आईनं चौकोनाच्या बाहेरून फरशी पुसली होती, रेघ न मोडता.

वडील टेप घेऊन उकिडवे बसले होते. त्यांनी भिंतीपासून दारापर्यंत मोजलं, पुन्हा मोजलं.

"आठ फूट म्हणजे इथपर्यंत. दार कसं उघडणार?"

मुलानं दाराकडे पाहिलं. मग बिजागरीकडे.

"बाहेर उघडेल असं करू ना, बाबा."

वडिलांनी बिजागरीचे स्क्रू बोटानं चाचपले, गंजलेले होते. सुताराचा नंबर कोणाकडे आहे, असं त्यांनी आत हाक मारून विचारलं.